शंख वाजला, की तवा उतरायचा

टीव्ही ज्या काळात गंगापुरात घरोघरी नव्हता, त्या काळात टीव्हीचे संगीत मात्र घरोघरी होते. संच गल्लीत एक, फार तर दोन. पण आवाजाला भिंत आडवी येत नाही. रविवारी सकाळी ‘महाभारता’चा शंख वाजला, की शेजारच्या तीन घरांतल्या चुलींवरचे तवे खाली उतरत. अंगणात केस विंचरायला बसलेल्या पोरीची अर्धी वेणी तशीच राही. हौदावर बैल घेऊन आलेला गडी बैल तिथेच खुंट्याला अडकवून ज्याच्या घरी संच आहे त्याच्या ओसरीकडे वळे. पडद्यावर काय चालले आहे ते पाहायला जागा मिळेलच, याची खात्री नसे. मागच्या रांगेतल्यांना दिसायची ती पुढच्यांची डोकी. त्यांच्या वाट्याला आले ते मुख्यतः संगीत, आणि म्हणूनच ते त्यांच्या इतके लक्षात राहिले असावे.

आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कुणालाही गंगापुरात, वैजापुरात, नाही तर लासूर स्टेशनच्या आडत दुकानात विचारा. मालिकेतल्या पात्रांची नावे आठवताना तो अडखळेल, कथा तर अर्धी गाळेल. पण सुरुवातीची धून गुणगुणायला सांगा. पहिल्या चार स्वरांत तो तुम्हाला १९८८ सालात नेऊन उभे करील, आणि त्याचा सूर फार चुकणार नाही. हे संगीत कुणी केले, हे मात्र त्याला सांगता येणार नाही. तो त्याचा दोष नाही. नावे पडद्यावर यायची तेव्हा खोलीत अजून जागेवरून भांडणे चाललेली असायची.

गंगापूर तालुका छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, अगदी लागून. एका अंगाला गोदावरी आणि कायगाव टोक्याचा प्रवरासंगम, दुसऱ्या अंगाला लासूरची रेल्वे, आणि शहराच्या बाजूला वाळूजची औद्योगिक वसाहत. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि तालुक्यातल्या अनेक घरांत पहिल्यांदा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार येऊ लागला. त्या पगारातून सायकल, पंखा आणि मग टीव्ही, हा क्रम बऱ्याच घरांनी पाळला. टीव्हीचे तर गंगापूरशी आणखी एक नाते आहे, जे इथल्या नव्या पिढीला ठाऊक नसते. व्हिडिओकॉनचे धूत घराणे मुळात या भागातल्या ऊस-कापसाच्या व्यापारातले. नंदलाल धूत यांनी १९५५ मध्ये युरोपातून यंत्रे मागवून गंगापूर साखर कारखाना उभा केला, असे त्या घराण्याच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे त्याच घराने ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही बनवायला घेतले आणि पैठण तालुक्यात चितेगावला मोठा कारखाना थाटला. ज्या पंचक्रोशीत एका संचापुढे पन्नास माणसे बसत होती, तिथून हाकेच्या अंतरावर देशासाठी टीव्ही तयार होत होते. व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, तो विषय वेगळा.

चित्र येई ते अँटेनाच्या कृपेने. एक जण माळवदावर, एक दारात, एक संचापुढे. खालून ‘आलं’, ‘गेलं’, ‘थांब, थांब’ असा पुकारा आणि वर बांबू फिरवणारा घामाघूम. म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिल्यावर हे हाल कमी झाले. विजेचे हाल मात्र कमी झाले नाहीत. ऐन युद्धाच्या वेळी वीज गेली, की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि तिच्यावर लहान कृष्णधवल संच चालवायचा, ही युक्ती त्या काळी सर्रास होती. चित्र मुंग्यामुंग्यांचे, माणसे ओळखू न येणारी, पण आवाज स्वच्छ. पुन्हा एकदा कानांचेच राज्य.

या सगळ्याच्या मुळाशी एक धून आहे आणि तिच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा दूरदर्शन हे आकाशवाणीचेच एक अंग होते. १ एप्रिल १९७६ रोजी ते वेगळे झाले आणि त्याला स्वतःचा चेहरा आणि स्वतःचा सूर मिळाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देवाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने केलेले ते चिन्ह. दोन वक्राकृती फिरत फिरत येतात आणि मधल्या गोलाभोवती डोळ्यासारख्या स्थिरावतात. त्यामागची धून पंडित रविशंकर यांची, सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या साथीने केलेली. गावातल्या पोरांना ते वर्तुळ संथपणे फिरताना पाहून गरगरायला होई, आणि ती धून ऐकून मोठ्यांना थोडे उदास वाटे. ते कशाने, हे कुणी विचारीत नसे. मला विचाराल तर ती धून कार्यक्रमाची कमी आणि वाट पाहण्याची जास्त आहे. अजून काही सुरू व्हायचे आहे, एवढेच ती सांगते.

तिच्याही आधीची, आकाशवाणीची पहाटेची धून तर याहून नवलाची. ती बांधली वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने. हा गृहस्थ बोहेमियातल्या कार्ल्सबादचा ज्यू. युरोपात हिटलरचे सावट पसरले तेव्हा, १९३४ साली, तो मुंबईला आला आणि पुढे मुंबई आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिन आणि शिवरंजनीची आठवण देणारे स्वर, एवढाच तिचा संसार. ते व्हायोलिन मेहली मेहतांचे, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांचे, असे सांगतात. घर सुटलेल्या एका माणसाने परक्या गावात बसून केलेली ही धून मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला गाईची धार काढण्याची वेळ सांगत राहिली. आपल्याकडे रेडिओ काही मुंबईहूनच आला असे नाही. निजामाच्या राज्यात औरंगाबादला रेडिओ केंद्र होते, आणि संस्थाने विलीन झाल्यावर आकाशवाणीने जी पाच संस्थानी केंद्रे ताब्यात घेतली त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद यांच्या पंक्तीला औरंगाबादचे नाव आहे.

मालिकांच्या धूनांचे काम घंटेचे होते, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. शाळेची घंटा, देवळाची घंटा, तशी ही. आठवड्यातून एकदाच, ठरल्या वेळी, चुकले तर पुन्हा नाही. तेव्हा ही धून लांबून ओळखू आली पाहिजे, आणि तीही पहिल्या दोन-तीन सेकंदांत. त्यात संचाचा कर्णा हाताच्या तळव्याएवढा. त्यातून खर्जाचा आवाज निघतच नसे. ढोल वाजवला तर डबा वाजवल्यासारखा ऐकू येई. म्हणून त्या काळच्या संगीतकारांनी बासरी, व्हायोलिन, संतूर, सनई, शंख आणि माणसाचा गळा, म्हणजे वरच्या पट्टीत उठून दिसणारी वाद्ये निवडली. त्यांना ती आवडत होती हे तर आहेच. पण नड होती, हेही आहे. नडीतून चांगल्या गोष्टी निघतात याचा हा एक पुरावा.

‘मालगुडी डेज’ घ्या. शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवर केलेली ही मालिका, कानडी मुलखातली. तिची धून एल. वैद्यनाथन यांची. शब्द नाहीत, नुसते ‘ता ना ना’च्या जातीचे बोल. तुकडे छोटे, मध्ये दम घ्यायला जागा. ही धून शीळ घालायला इतकी सोपी, की सायकलवर दूध घालणाऱ्या पोरापासून बँकेच्या कॅशियरपर्यंत सर्वांनी घातली. पुढे १९९०च्या सुमारास ‘सुरभि’ आली. तिची धून एल. सुब्रमण्यम यांची. हे दोघे सख्खे भाऊ. एकाच घरातल्या दोन भावांनी साऱ्या देशाच्या जिभेवर एकेक चाल ठेवली. ‘सुरभि’च्या धूनेचे वैभव मोठे, पण शीळ घालायची झाली तर मालगुडीच जिंकते. निदान आमच्या गल्लीत तरी जिंकली होती.

आणि मग ‘भारत एक खोज’. १९८८ साली श्याम बेनेगलांनी पंडित नेहरूंच्या ग्रंथावर केलेली. हिच्या आरंभी ऋग्वेदातले नासदीय सूक्त आणि त्याचा हिंदी अनुवाद. तो अनुवाद वसंत देव यांचा, म्हणजे मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या आपल्या माणसाचा. संगीत वनराज भाटियांचे. भाटिया लंडनच्या रॉयल अकादमीत शिकलेले, पॅरिसला नादिया बूलांजे यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांनी ते सूक्त समूहस्वरात असे काही बांधले, की अर्थ न कळणाऱ्या माणसाच्याही अंगावर काटा यावा. सृष्टीच्या आधी काय होते, असे विचारणारे ते सूक्त. गंगापूरच्या एखाद्या माळवदाच्या घरात, कंदील विझवून, कडब्याच्या वासात बसून ते ऐकणे हा काही साधा अनुभव नव्हता. बँडवाल्यांनी ही धून कधी उचलली नाही, आणि ते बरोबरच होते. वरातीत कुणी विश्वाच्या उत्पत्तीचा विचार करीत नाही.

याच भाटियांनी लिरिल साबणाची जाहिरात संगीतबद्ध केली होती. हजारो जिंगल्स केल्या, चित्रपट केले. आणि २०१९ साली वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की नव्वदी ओलांडलेल्या या संगीतकाराच्या खात्यात पैसे उरलेले नाहीत आणि घरातल्या वस्तू विकायची वेळ आली आहे. मे २०२१ मध्ये ते गेले. गीतकार-संगीतकारांना त्यांच्या कामाच्या पुढच्या उत्पन्नात हक्काचा वाटा देणारी कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती झाली ती २०१२ साली. ज्यांची उमेद त्याआधीच खर्ची पडली होती, त्यांना तिचा उपयोग किती झाला असेल, याचा हिशेब कुणीही करावा. आपण चाल फुकट घेतो. शीळ घालायला कोण पैसे देणार? पण जी चाल पिढ्यांना पुरली, तिच्या कर्त्याला म्हातारपण पुरले नाही, हे मनाला लागते.

‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांच्याबद्दल इतके लिहून झाले आहे, की नवे सांगणे अवघड. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले, संगीत रवींद्र जैनांचे. जन्मांध असलेल्या या संगीतकाराने दृश्यांसाठी संगीत केले आणि तेही असे, की डोळे मिटून ऐकले तरी प्रसंग कळावा. संचाला हार घालणे, उदबत्ती लावणे, चपला बाहेर काढणे, हे सगळे आपल्याकडेही झाले. ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०. संगीत राजकमल यांचे, म्हणजे ‘सावन को आने दो’ आणि ‘चश्मेबद्दूर’चे तेच राजकमल. गीतलेखन पंडित नरेंद्र शर्मा यांचे, ज्यांचे नाव विविध भारतीच्या जन्माशीही जोडलेले आहे. गळा महेंद्र कपूर यांचा. पल्लेदार, उघडा, मैदानी. माझे मत असे, की दूरदर्शनवर याहून जास्त सुरेल शीर्षकगीते झाली, पण याहून जास्त लांब जाणारे एकही झाले नाही. ते ओढ्यापलीकडे ऐकू येई.

लांब जाणारा आवाज म्हटला, की बँडकडे यावेच लागते.

टीव्हीची धून खऱ्या अर्थाने गावाची होते ती बँडवाल्याने वाजवल्यावर. पडद्यावर तिला शब्द असतात, चित्र असते, कथेचा आधार असतो. बँडमध्ये हे सगळे काढून घेतले जाते. उरतो नुसता सूर, तोही वैशाखाच्या उन्हात, दोन क्लॅरोनेटांच्या किंचित वेगळ्या लागलेल्या पट्टीत, साईड ड्रमच्या कडकडाटात, नाचणाऱ्यांच्या आरोळ्यांत. एवढ्यातून जी चाल ओळखू येते, ती चाल पक्की. संगीताच्या परीक्षा मिरजेत आणि मुंबईत होत असतील. चालीची परीक्षा लग्नाच्या वरातीतच होते.

हा बँड आपल्याकडे आला तो पलटणीबरोबर. औरंगाबादची छावणी जुनी. इंग्रजांच्या आणि निजामाच्या फौजांबरोबर पितळी वाद्ये आली, कवायतीच्या चाली आल्या. पलटणीत वाजवणारा घरी परतला, की वाद्याची विद्या बरोबर घेऊन येई. वाद्ये बनत ती मीरतला. तिथल्या जली कोठी भागात आजही हा व्यवसाय आहे आणि नादिर अली कंपनीचे नाव १८८५ पासून चालत आले आहे. मराठवाड्यात हलगी, डफडे, सनई वाजवण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे. बँड आला तेव्हा याच घरांतली पोरे क्लॅरोनेट आणि ट्रंपेटकडे वळली, त्यांच्याबरोबर मुस्लिम घरांतलीही. लाल-निळी वर्दी, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी. लग्नघरी नवरदेवाच्या खालोखाल रुबाबदार कपडे बँडवाल्याचे. पण पंगत बसली, की त्यांचे पान शेवटी, आणि बऱ्याचदा मांडवाबाहेर. ज्यांच्या सुरावर अख्खे गाव नाचले, त्यांना पाणी वरून ओतण्याचा रिवाज पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. वर्दी चढवली की दोन तास माणूस कोणत्या आळीतला हे विसरता येई. उतरवली की पुन्हा आठवण करून दिली जाई.

न्यूझीलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडांवर बरीच वर्षे काम करून २००५ साली ‘ब्रास बाजा’ नावाचा ग्रंथ लिहिला. आपल्या दारात वाजणाऱ्या गोष्टीवर ग्रंथ लिहायला इतक्या लांबून माणूस यावा लागला, यात आश्चर्य नाही. जे दारात वाजते त्याकडे आपण कानाडोळाच करतो.

बँडमास्तरचे काम कसे चाले? नवी चाल आली, की ती आधी कानात भरायची. सिनेमाची असेल तर टुरिंग टॉकीजमध्ये चार खेळ बघायचे, पुढे कॅसेट आल्यावर ती घासून गुळगुळीत करायची. मालिकेची धून मात्र आठवड्यातून एकदाच, मिनिटभर. कॅसेट नाही, दुसरी संधी नाही. म्हणून रविवारी मास्तर वही-पेन्सिल घेऊनच टीव्हीपुढे बसे. सारेगम लिहायचे, राहिलेली जागा पुढच्या रविवारी भरायची. तीन-चार आठवड्यांत धून उभी राही. मग तालमीत ती पोरांना वाटून द्यायची. क्लॅरोनेटला मुख्य चाल, ट्रंपेटला जबाब, युफोनियमला खालचा आधार. शंखाची जागा ट्रंपेटवाला एका लांब सुरात काढी, आणि परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की नेमका तो सूर लावी. घोड्यावरचा नवरदेव एकदम ताठ बसे. आपण कुरुक्षेत्रावर निघालो आहोत असे त्याला वाटत असेल, तर ते फारसे चूकही नव्हते.

फुंकून वाजवायच्या वाद्याला चालीत दम घ्यायला जागा लागते. गळ्यावर बांधलेल्या चालीत ती आपोआप असते, कारण गाणाऱ्यालाही श्वास लागतो. म्हणून रवींद्र जैन, राजकमल, वैद्यनाथन यांच्या चाली बँडला मानवल्या. पुढे संगणकावर बांधलेली शीर्षकसंगीते आली, त्यांत सूर अखंड धावतात, कुठे थांबत नाहीत. ती वाजवायला गेले तर वाजवणारा पडेल. ती बँडमध्ये आली नाहीत आणि शिळेतही आली नाहीत. लोकांच्या स्मरणात ती का नाहीत, याचे अर्धे उत्तर फुप्फुसात आहे.

बँडची अमर चाल मात्र मालिकेची नव्हे, ती ‘नागिन’ची. १९५४चा चित्रपट, हेमंतकुमारांचे संगीत. ती पुंगी ऐकून माणसे तोंडात रुमाल धरून, गुडघ्यावर येऊन, जमिनीवर लोळून आजही नाचतात. गंमत अशी, की ती पुंगी पुंगीच नव्हती. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या विलायती वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली, जोडीला रवी यांची हार्मोनियम. म्हणजे गारुड्याच्या पुंगीची नक्कल विजेच्या वाद्याने केली, त्या वाद्याची नक्कल बँडमधल्या क्लॅरोनेटने केली, आणि त्यावर माणसाने सापाची नक्कल केली. खरा साप या सगळ्यात कुठेच नाही. 

मराठी धूनांचे काय, असा प्रश्न येईलच. मराठवाड्याचे मराठी दूरदर्शनशी नाते उशिरा जुळले. ‘आमची माती, आमची माणसं’ची चाल लागली, की शेतकरी सैलावून बसे, कारण यात कुणी त्याला नाटकी भाषेत बोलणार नसे. कीड, खत, बियाणे, नाव घेऊन. सात वाजताच्या बातम्यांची धून आणि पाठोपाठ प्रदीप भिडे यांचा आवाज, ही जोडी तर वेगळी काढताच येत नाही. भिडे २०२२ साली गेले तेव्हा अनेकांना आपले संध्याकाळचे घड्याळ बंद पडल्यासारखे वाटले. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरून आलेली ‘गोट्या’ मालिका, तिचे शीर्षकगीत मधुकर आरकडे यांचे, चाल अशोक पत्की यांची. ते गाणे शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत गेले आणि अजून तिथून निघायला तयार नाही.

अशोक पत्कींचे नाव इथे थांबून घ्यावे असे आहे. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर आलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चाल त्यांची, वाद्यमेळ लुई बँक्स यांचा, शब्द पीयूष पांडे यांचे, आरंभीचा स्वर भीमसेन जोशींचा. भैरवीत बांधलेल्या त्या सहा मिनिटांत मराठी ओळ आली आणि पडद्यावर तनुजा दिसली, की आमच्याकडे एकच गलका होई. का, तर आपली भाषा आली. दिल्लीच्या पडद्यावर मराठवाड्यातल्या माणसाला आपली भाषा क्वचितच ऐकू येत असे. मग १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ वाहिनी सुरू झाली, ‘आभाळमाया’ आली. मंगेश कुळकर्णींचे शब्द, पत्कींची चाल, देवकी पंडित यांचा स्वर. मराठी मालिकांच्या शीर्षकगीतांत हे पहिल्या मानाचे, असे मी बिनदिक्कत म्हणेन. पण तोवर केबल घरात आली होती. प्रत्येकाचा संच, प्रत्येकाचे दार लावलेले. ‘आभाळमाया’ सर्वांनी ऐकली, पण एकत्र कुणी ऐकली नाही. बँडमास्तरला कुणी तिची फर्माईश केल्याचे मला आठवत नाही.

आणि बँड तरी कुठे राहिला तसा? आधी कॅसिओ आला, हातगाडीवर भोंगे आले, गाणारा आला. वीस जणांचा ताफा बारावर, बाराचा आठावर. मग डीजे आला. एका ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, दोन पोरे, एक लॅपटॉप. सुपारी ठरवणाऱ्याचा हिशेब सरळ आहे: माणसे कमी, जेवणाची पाने कमी, आवाज जास्त. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. डीजेपुढे उभे राहून छातीवर हात ठेवला, की ती कितीपट मोडली जाते हे बरगड्यांनाच कळते. बँड कर्कश होता, हे मी नाकारत नाही. पण त्यात माणूस दमायचा. दमला की थांबायचा. तेवढ्यात नवरीकडच्यांचे बोलणे ऐकू यायचे. डीजे दमत नाही.

२०२० सालचा उन्हाळा या गोष्टीतला सर्वांत विचित्र. २८ मार्चला दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले. १६ एप्रिलला ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी ते पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. रवींद्र जैन जाऊन साडेचार वर्षे झाली होती, आणि त्यांची चाल पुन्हा घराघरांतून येत होती. नेमक्या त्याच आठवड्यांत, ऐन लग्नसराईत, लग्ने मोजक्या माणसांवर आली आणि वराती बंद झाल्या. ज्यांनी ती चाल तीस वर्षे चौकाचौकांत वाजवली, ते वर्दी खुंटीला टांगून घरात बसून ती टीव्हीवर ऐकत होते. बँडवाल्याची वर्षाची कमाई तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतच्या तिथींवर. उरलेल्या महिन्यांत कुणी भाजी विकतो, कुणी वाळूजला कंत्राटी कामाला जातो, कुणी ऊसतोडीला. त्या वर्षी तिथी कोरड्या गेल्या, तेव्हा वाद्ये मोडीत घालून पितळेच्या भावाने पैसे घेतलेले लोक आहेत. युफोनियम वजनात भरते. क्लॅरोनेट लाकडाचे, त्याला मोडीत कुणी विचारीत नाही, म्हणून ते राहिले.

नव्या पडद्यावर धून ऐकायची गरजच उरली नाही. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने सुरुवातीचे संगीत ओलांडून पुढे जाण्याचे बटण दिले. ज्याला मालिका दहा भाग एका बैठकीत पाहायची आहे, त्याला दहा वेळा तेच संगीत नकोसे होणार, हे समजण्यासारखे आहे. घंटा बोलावण्यासाठी असते. आलेल्या माणसापुढे ती कशाला वाजवायची?

राहता राहिल्या त्या वह्या. जुन्या बँडमास्तरांच्या घरी, ट्रंकेच्या तळाशी, वर्दीच्या खाली त्या सापडतात. शंभर पानी, रेघांच्या, कडा वाळवीने खाल्लेल्या. वर चालीचे नाव, खाली देवनागरीत सारेगम, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तार सप्तकावर टिंब, दम घ्यायच्या जागी फुली. ‘महाभारत’ एका पानावर, ‘नागिन’ दुसऱ्यावर, मध्येच एखादा अभंग, राष्ट्रगीत, आणि समासात कुणाकडून किती इसार आला त्याचे आकडे. आकाशवाणीच्या धूना मुंबई-दिल्लीच्या कपाटांत जपलेल्या आहेत. गंगापूर-वैजापूरकडच्या माणसांनी त्या कशा ऐकल्या आणि कशा वाजवल्या, याची नोंद फक्त या वह्यांत आहे. शहरात विद्यापीठ आहे, तिथे संगीताचा विभाग आहे, आणि वहीच्या पानाचा फोटो काढायला आता मोबाइल पुरतो. मास्तर सत्तरीच्या पुढे गेले आहेत. पुलीवरची फुली कुठल्या वाद्यासाठी आणि टिंब विसरले की जाणून वगळले, हे सांगू शकणारे तेवढेच आहेत, आणि लग्नसराई नसली की दुपारी ते घरीच असतात.